दिवस भरले तरी कळा नाहीत: थांबावे की कळा सुरू करून घ्याव्यात? पहिलटकरीण आणि तिच्या घरच्यांसाठी मार्गदर्शन

प्रसूतीची तारीख उलटून जाते, कळांचा पत्ता नसतो आणि डॉक्टर सांगतात की, उद्या ॲडमिट व्हा, औषध ठेवून कळा सुरू करू. अशा वेळी घरात हमखास दोन मते पडतात. कोणाला वाटते की निसर्गाच्या कामात हात घालू नये, तर कोणाला वाटते की एवढी जोखीम घेण्यापेक्षा सरळ सिझर करून मोकळे व्हावे. आणि जिला बाळंत व्हायचे आहे तिला मात्र नेमके काय विचारावे हेच सुचत नाही. मी स्वतः या प्रक्रियेतून गेले आहे आणि नंतर नात्यातल्या मुलींच्या बाळंतपणात सोबत म्हणून दवाखान्यात राहिले आहे. त्या अनुभवावरून हे टप्पे लिहीत आहे. निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा आहे. ते बोलणे नीट व्हावे यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. औषधाने कळा सुरू करणे, म्हणजे इंडक्शन, हा उपचार आहे आणि वाट पाहणे हाही उपचारच आहे. दोन्हींना कारण लागते, दोन्हींना देखरेख लागते आणि दोन्हींची मुदत ठरलेली असावी लागते. पुढचे सगळे टप्पे या तीन गोष्टींभोवतीच फिरतात.

१. आधी तारीख पक्की करा

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, मोजून प्रसूतीची अंदाजे तारीख काढली जाते. हा हिशेब २८ दिवसांची नियमित पाळी गृहीत धरतो. ज्यांची पाळी ३५ किंवा ४० दिवसांनी येते, त्यांचे दिवस कागदावर भरलेले दिसले तरी प्रत्यक्षात भरलेले नसतात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी सर्वांत विश्वासाची मानतात. त्या वेळी बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय काढले जाते आणि त्या वयात सगळी बाळे जवळजवळ सारख्याच वेगाने वाढत असल्यामुळे चूक थोड्या दिवसांचीच राहते.

येथे मोठा सापळा आहे. आठव्या-नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर पुन्हा एक तारीख छापलेली असते आणि ती पहिल्या तारखेपेक्षा आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही अधिक, पुढे-मागे असते. ती तारीख बाळाच्या आकारावरून काढलेली असते. बाळ लहानखुरे असेल तर ती पुढे जाते, अंगाने भरलेले असेल तर अलीकडे येते. सुरुवातीच्या सोनोग्राफीने ठरलेली तारीख शेवटच्या रिपोर्टवरून बदलायची नसते. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टर बदलतात आणि नव्या डॉक्टरांसमोर पुष्कळदा शेवटचाच रिपोर्ट ठेवला जातो. म्हणून माहेरी जाताना पहिल्या तिमाहीतला रिपोर्ट फाईलमध्ये सर्वांत वर लावा आणि पहिल्याच भेटीत, "माझी तारीख या रिपोर्टवरून ठरली आहे," असे स्पष्ट सांगा.

आठवड्यांची भाषाही समजून घ्या. ३७ पूर्ण झाल्यापासून ३८ आठवडे ६ दिवसांपर्यंत बाळ मुदतीत धरतात, पण अलीकडच्या टोकाला. ३९ ते ४० आठवडे ६ दिवस ही पूर्ण मुदत, ४१ वा आठवडा पूर्ण झाला की उशिराची मुदत आणि ४२ पूर्ण झाले की मुदत उलटलेली. सुमारे वीस बाळांमधले एखादेच नेमके दिलेल्या तारखेला जन्मते. त्यामुळे तारीख उलटली एवढ्यावरून काही बिघडले असे होत नाही.

२. कारण विचारा, आणि ते किती तातडीचे आहे हेही विचारा

"का?" याच्या पाठोपाठ "आज की या आठवड्यात?" हा प्रश्न आलाच पाहिजे. उत्तरानुसार कारणांचे साधारण तीन गट पडतात.

पहिल्या गटात थांबणे धोक्याचे असते. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब, त्यातही लघवीत प्रथिने जाणे, डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे. बाळाची वाढ खुंटणे आणि डॉप्लर तपासणीत नाळेतला रक्तप्रवाह कमी दिसणे. बाळाची हालचाल मंदावणे. कळांशिवाय पाणी जाणे. रक्तदाबाचा हा विकार ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर आढळला, तर बाळंतपण लांबवण्यात आईचा किंवा बाळाचा फायदा नसतो. दिवस भरत आल्यावर कळांआधीच पाणी गेले, तर जागतिक आरोग्य संघटना कळा सुरू करण्याची शिफारस करते, कारण तास वाढतील तसा जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. या गटात घरच्यांनी घासाघीस करू नये, असे मी मनापासून सांगेन.

दुसऱ्या गटात चर्चेला जागा असते. गरोदरपणातला मधुमेह आहे पण आहाराने साखर आटोक्यात आहे. बाळाभोवतीचे पाणी कमी आहे असे सांगितले आहे. तारीख उलटली आहे पण बाकी सर्व ठीक आहे. पाणी कमी आहे असे ऐकताच घाबरून न जाता आकडा विचारा. सोनोग्राफीत पोटाच्या चारही भागांत मोजलेल्या पाण्याच्या खोलीची बेरीज ५ सेंटीमीटर किंवा त्याहून कमी, किंवा सर्वांत खोल भागात २ सेंटीमीटरपेक्षा कमी, असे असेल तर पाणी खरोखर कमी आहे. ही बेरीज ८ किंवा ९ असेल, तर तेवढ्याच कारणावरून घाई का, असे जरूर विचारा.

तिसऱ्या गटातली कारणे वैद्यकीय नसतात, किंवा तशी वाटतात पण पुरेशी नसतात. गळ्याभोवती नाळेचा वेढा सोनोग्राफीत दिसला म्हणून कळा सुरू करण्याची किंवा सिझर करण्याची गरज नसते; असा वेढा पुष्कळ बाळांना असतो आणि त्यांतली बहुतेक सुखरूप जन्मतात. बाळ मोठे दिसते या एकट्या कारणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने इंडक्शनची शिफारस केलेली नाही, शिवाय सोनोग्राफीतले वजन सहज दहा-पंधरा टक्क्यांनी चुकू शकते. राहिला मुहूर्ताचा विचार. अमावास्या टाळायची, विशिष्ट नक्षत्र साधायचे, असा आग्रह अनेक घरांत होतो. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही, पण पहिलटकरणीला औषध ठेवल्यापासून बाळ होईपर्यंत एक दिवस, कधी दोन दिवसही लागतात. ती वेळ कोणाच्या हातात नसते. मुहूर्त साधायच्या हट्टातून शेवटी सिझरच होते आणि ते ३७-३८ व्या आठवड्यात झाले, तर बाळाला श्वास घ्यायला त्रास होणे, कावीळ होणे, दूध नीट ओढता न येणे याची शक्यता वाढते.

३. ४१ व्या आठवड्याचा प्रश्न

सर्व ठीक आहे, फक्त तारीख उलटली आहे, अशा स्त्रियांची संख्या सर्वांत मोठी आणि गोंधळही येथेच सर्वांत जास्त. म्हणून या टप्प्यावर मी जरा थांबते.

गर्भारपण जसजसे ४० आठवड्यांच्या पुढे सरकते, तसतशी वार, म्हणजे नाळेवाटे बाळाला पोसणारा अवयव, थकत जाते आणि पोटातच बाळ दगावण्याचा धोका हळूहळू वाढतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दीड कोटी गरोदरपणांची माहिती एकत्र करणाऱ्या एका अभ्यासात असे दिसले की, ४० ऐवजी ४१ आठवड्यांपर्यंत थांबल्यास १,४४९ स्त्रियांमागे एक बाळ अधिक दगावते. म्हणजे प्रत्येकीपुरता धोका फार लहान आहे, पण शून्य नाही आणि पुढच्या आठवड्यात तो आणखी चढतो. त्याच वर्षी स्वीडनमध्ये २,७६० स्त्रियांच्या अभ्यासात एका गटाला ४१ आठवड्यांना कळा सुरू करून दिल्या आणि दुसऱ्या गटाला ४२ पर्यंत थांबवले. थांबलेल्या गटात सहा बाळे दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. म्हणून तो अभ्यास मधेच बंद करावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही हीच आहे: ४१ आठवडे पूर्ण झाल्याची खात्री असेल तर कळा सुरू कराव्यात, आणि त्याआधी दुसरे काही कारण नसेल तर करू नयेत.

"कळा सुरू केल्या की सिझरच होते," हे वाक्य तुम्हाला दहा जणी सांगतील. चाचण्यांतून तसे दिसलेले नाही. अमेरिकेत ४१ रुग्णालयांत सहा हजारांहून अधिक पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ३९ व्या आठवड्यात कळा सुरू केलेल्या गटात सिझरचे प्रमाण १८.६ टक्के होते, तर वाट पाहिलेल्या गटात २२.२ टक्के. त्यावरून प्रत्येकीने ३९ व्या आठवड्यातच इंडक्शन करून घ्यावे असे मात्र मी म्हणणार नाही. त्या चाचणीतल्या स्त्रियांना पुरेसा वेळ आणि सतत देखरेख मिळाली होती. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत सरकारी रुग्णालयांत सिझरचे प्रमाण १४.३ टक्के आणि खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आढळले. एवढी तफावत असताना औषध कोणते यापेक्षा दवाखाना किती वेळ देतो, यावर बरेच काही अवलंबून असते, असे माझे मत आहे.

४. गर्भाशयाचे तोंड तयार आहे का, ते विचारा

आतून तपासणी झाल्यावर केवळ "अजून वेळ आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. बिशप स्कोअर किती आहे ते विचारा. गर्भाशयाचे तोंड किती उघडले आहे, किती पातळ झाले आहे, किती मऊ आहे, कोणत्या दिशेला आहे आणि बाळाचे डोके किती खाली आले आहे, या पाच गोष्टींना गुण देऊन १३ पैकी बेरीज करतात. ८ किंवा अधिक गुण असतील तर कळा सुरू करणे सोपे जाते. ६ किंवा कमी असतील तर आधी तोंड मऊ करण्याचे औषध किंवा साधन लागते आणि वेळही जास्त लागतो. कारण तातडीचे नसेल आणि गुण दोन-तीनच असतील, तर "दोन दिवसांनी पुन्हा तपासून ठरवू का?" असे विचारणे अगदी योग्य आहे.

५. कोणती पद्धत वापरणार, ते समजून घ्या

तपासणी करतानाच बोट फिरवून पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, गर्भाशयाच्या भिंतीपासून सैल करणे, ही सर्वांत साधी पद्धत. तिने थोडे रक्त दिसते, पोटात दुखते आणि आपोआप कळा सुरू होण्याची शक्यता वाढते. ती करण्यापूर्वी तुम्हाला सांगून तुमची संमती घेतली गेली पाहिजे.

त्यानंतर तोंड मऊ करणारे जेल येते. ते गर्भाशयाच्या तोंडाशी ठेवतात आणि गरज पडल्यास सहा तासांनी पुन्हा ठेवतात. मिसोप्रोस्टॉलची गोळी २५ मायक्रोग्रॅम इतक्या लहान मात्रेत तोंडावाटे किंवा योनीमार्गे देतात. आणखी एक मार्ग फोलीच्या नळीचा: नळीच्या टोकाचा फुगा आत फुगवून तोंड हळूहळू उघडले जाते. गोळी आणि फोलीची नळी यांची तुलना नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ स्त्रियांवर झाली होती आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. २४ तासांच्या आत नैसर्गिक मार्गाने बाळंत होण्याचे प्रमाण गोळीच्या गटात ५७ टक्के, तर नळीच्या गटात ४७ टक्के होते. शेवटी, तोंड उघडू लागले की पाणमोट फोडतात आणि ऑक्सिटोसिनचे सलाईन लावतात.

पूर्वी सिझर झाले असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. अशा स्त्रीला मिसोप्रोस्टॉल देत नाहीत, कारण जुना टाका उसवून गर्भाशय फाटण्याचा धोका असतो.

आणखी एक कळकळीची सूचना. बाळंतपणाआधी "कळांचे इंजेक्शन" कंबरेत किंवा दंडात टोचून देणाऱ्या कोणाकडेही जाऊ नका. ऑक्सिटोसिन शिरेतून, थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत द्यायचे औषध आहे. स्नायूत एकदा टोचले की त्याचा जोर कमी करता येत नाही. कळा याव्यात म्हणून घरी एरंडेल पाजण्याची पद्धतही सोडून द्या. त्याने मळमळ आणि जुलाब होऊन अंगातले पाणी कमी होते आणि ऐन कळांच्या वेळी बाई गळून जाते.

६. दवाखान्याला हे विचारून ठेवा

रात्री दोन वाजता सिझरची गरज पडली तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्ताची सोय कुठे आहे? औषध ठेवल्यावर ठोके कोण ऐकणार आणि किती वेळाने? सलाईनला पंप आहे का? बाळाला गरज पडल्यास नवजात विभाग जवळ आहे का? जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटले आहे की, ही औषधे दिलेल्या स्त्रीला कधीही एकटे सोडू नये आणि शक्यतो जेथे सिझरची सोय आहे तेथेच इंडक्शन करावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय नसते. तेथे नाव असेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी वेळेत घ्या. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. खासगी दवाखान्यात नॉर्मल आणि सिझर या दोन्हींचा खर्च आधी लिहून घ्या.

७. थांबायचे ठरले तर

थांबण्याची शेवटची तारीख आजच ठरवा आणि ती फाईलवर लिहून घ्या. ४१ आठवड्यांनंतर साधारणपणे आठवड्यातून दोनदा एनएसटी, म्हणजे पोटाला पट्टा लावून काढलेला बाळाच्या ठोक्यांचा आलेख, आणि पाण्याचे मोजमाप करतात. एनएसटी चांगली आली म्हणजे बाळ त्या वेळेपुरते ठीक आहे, एवढाच तिचा अर्थ; तिच्या भरवशावर आठवडाभर निर्धास्त राहू नका.

रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजा. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या पाहिजेत. "शेवटी शेवटी बाळ शांतच होते," असे वडीलधाऱ्या बायका सांगतात, पण ते खरे नाही. लाथांऐवजी सरकल्यासारखे, वळल्यासारखे जाणवेल. हालचाली कमी मात्र होता कामा नयेत. त्या कमी वाटल्या, अंगावरून लाल रक्त गेले, पाणी गेले, त्यातही ते हिरवट असेल, तीव्र डोकेदुखी किंवा छातीखाली दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी निघा. महाराष्ट्रात १०२ आणि १०८ हे दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

८. फाईलमध्ये काय हवे

• पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी, त्यानंतरचे सर्व रिपोर्ट क्रमाने
• माता व बाल संरक्षण कार्ड आणि रक्तदाबाच्या नोंदी
• रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांचे रिपोर्ट
• आधीचे बाळंतपण, सिझर किंवा गर्भाशयाचे ऑपरेशन झाले असल्यास त्याचे डिस्चार्ज कार्ड
• औषधांची ॲलर्जी असल्यास ती ठळक अक्षरांत
• आधार कार्ड, बँकेचे पासबुक, विमा असल्यास त्याचे कार्ड

९. कळा सुरू करण्याच्या दिवशी

धीर हेच मुख्य सामान आहे. तोंड ५ सेंटीमीटर उघडेपर्यंतचा पहिला टप्पा पहिलटकरणीत फार सावकाश जातो. या काळात झेपेल तसे चालत राहा, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पेज, ताक, पाणी घेत राहा आणि दोन कळांच्या मध्ये झोप लागत असेल तर खुशाल झोपा. सोबत असलेल्या बाईने कळांची नोंद ठेवावी. दहा मिनिटांत पाचाहून अधिक कळा येऊ लागल्या, किंवा पोट दोन कळांच्या मध्ये सैलच होत नसेल, तर लगेच नर्सला बोलवावे. सलाईन कमी किंवा बंद करावे लागते.

सिझरची वेळ आली, तर त्यामागचे कारण कोणते ते ऐकून घ्या. बाळाचे ठोके घसरत असतील किंवा हिरवट पाण्यासोबत ठोकेही बिघडत असतील, तर सही करायला क्षणही लावू नका. पण आई आणि बाळ दोघेही ठीक असताना "इंडक्शन फेल" असे सांगितले जात असेल, तर पाणमोट फोडल्यानंतर सलाईन किती तास चालले ते विचारा. आंतरराष्ट्रीय संकेतांनुसार त्यानंतर किमान १२ ते १८ तास सलाईन दिल्याशिवाय इंडक्शन फसले असे म्हणत नाहीत. पाणमोट अजून फोडलेली नसेल आणि घाईचे कारण नसेल, तर थोडी विश्रांती घेऊन पुन्हा प्रयत्न करता येतो.

१०. घरी जाण्यापूर्वी

डिस्चार्ज कार्डावर फक्त "नॉर्मल" किंवा "सिझर" एवढेच लिहून देत असतील, तर तपशील लिहून मागा: कळा कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या कारणाने सुरू केल्या, कोणते औषध किती वेळा दिले, तोंड किती उघडले होते, सिझर झाले असल्यास का झाले आणि गर्भाशयावरचा छेद आडवा आहे की उभा. पुढच्या खेपेला कळांची वाट पाहता येईल की नाही, हे डॉक्टर याच नोंदींवरून ठरवतात, आणि तेव्हा दवाखाना कदाचित दुसऱ्याच गावात असेल.